विहीर बुजवण्याआधी : आमच्या मंडळीच्या कार्यकारी समितीला खुले पत्र

प्रति,
आदरणीय पाळकसाहेब, सचिव, खजिनदार आणि कार्यकारी समितीचे सर्व सभासद यांस,

सप्रेम जय ख्रिस्त.

चर्चच्या सूचनाफलकावर गेल्या महिन्यात लागलेल्या कागदावरून मंडळीला असे समजले की, आवारातील "धोकादायक व अडथळ्याची" झाडे तोडण्याचा, दक्षिणेकडची जुनी विहीर मुरूम टाकून बुजवण्याचा आणि मोकळ्या होणाऱ्या सगळ्या जागेवर पेव्हर ब्लॉक बसवून वाहनतळ व सभागृह करण्याचा निर्णय समितीने घेतला आहे. मी रीतसर लेखी अर्ज देऊन या निर्णयाची कारणे विचारली. "मालमत्तेचे विषय समितीच्या अखत्यारीत येतात," एवढेच उत्तर तोंडी मिळाले. म्हणून हे पत्र उघड लिहीत आहे. मंडळीचे नाव मी त्यात मुद्दाम घातलेले नाही, कारण कोणाची बदनामी व्हावी असा हेतू नाही. शिवाय जिथे जिथे मिशनची जुनी, झाडांनी भरलेली आवारे शहरांच्या मध्यावर आली आहेत, तिथे हा प्रश्न आज ना उद्या उभा राहणारच आहे.

माझा या आवाराशी संबंध काय, हे आधी सांगतो. १८९९-१९०० च्या दुष्काळात माझ्या पणजोबांचे कुटुंब नगर जिल्ह्यातून निघून नाशिकला आले आणि मिशनच्या आश्रयाला राहिले. आजोबा सांगत की, गावात त्यांच्या माणसांना सार्वजनिक विहिरीच्या काठाला हात लावायची मुभा नव्हती. कोणी दया येऊन वरून ओतेल तेव्हाच पाणी मिळायचे. आपल्या आवारातल्या विहिरीत पोहरा सोडताना मात्र त्यांना कोणी जात विचारली नाही. महाडच्या तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली झाला आणि याच शहरातला काळाराम मंदिराचा सत्याग्रह १९३० साली सुरू झाला. आजोबांच्या तोंडची हकीकत त्यांच्याही आधीची आहे. मराठी ख्रिस्ती समाजातली कितीतरी घराणी दुष्काळाने आणि पाणवठ्यावरच्या बंदीने होरपळून मंडळीत आली, हा आपला इतिहास कोणाला अवघड वाटत असला तरी खरा आहे. अशा समाजाने आपली विहीर बुजवण्याचा ठराव चहापाण्याच्या वेळात संमत करावा, याचे मला फार वाईट वाटते. मी स्वतः पाटबंधारे खात्यात नोकरी करून निवृत्त झालो आहे, त्यामुळे पाण्याविषयी पुढे जे लिहीन ते केवळ भावनेने लिहिलेले नाही, एवढे आपण मान्य कराल अशी आशा आहे.

पहिली तक्रार निर्णयाच्या पद्धतीविषयी आहे. वार्षिक सभा जवळ आली असताना तिच्यापुढे हा विषय ठेवला गेला नाही. महिला संघाला आणि तरुण संघाला विचारले गेले नाही. सभागृह बांधून ते चालवण्यासाठी एका ठेकेदाराला दीर्घ मुदतीने द्यायचे आहे असे ऐकिवात आहे. ते खरे असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे विश्वस्त संस्थेची बिगरशेती जागा ३ वर्षांहून अधिक मुदतीच्या भाड्याने देण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते, हे समितीला ठाऊक असेलच. मंडळीलाही ते ठाऊक असावे म्हणून इथे लिहिले.

दुसरी तक्रार झाडांची. त्या कागदावर "धोकादायक" हा शब्द आहे, पण कोणते झाड धोकादायक, कोणी तपासले, खोड पोखरले आहे की एखादी फांदी वाळली आहे, याचा उल्लेख नाही. चिंचा, कडुनिंब, उंबर आणि फाटकाजवळचे बुचाचे झाड, या सगळ्यांना एकाच दिवशी धोका कसा उत्पन्न झाला, हे कळण्यास मार्ग नाही. शहरातले झाड खासगी आवारात असले तरी ते मालकाला मनात येईल तेव्हा तोडता येत नाही. १९७५ च्या झाडांचे संरक्षण व जतन अधिनियमाखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते आणि जाहीर नोटीस देऊन हरकती मागवाव्या लागतात. २०२१ च्या दुरुस्तीने तर ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा दिला आहे, आणि असे झाड तोडावेच लागले तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावून ती ७ वर्षे जगवण्याची जबाबदारी घातली आहे. आपल्या चिंचा माझ्या वडिलांच्या लहानपणीही मोठ्या होत्या. त्यांच्या वयाइतकी झाडे लावायला समितीने जागा कुठे पाहून ठेवली आहे? कारण आवारात तर पेव्हर ब्लॉक असणार.

खासगीत जी कारणे सांगितली जातात ती वेगळीच आहेत: पाला पडतो, मुळांनी कुंपणाच्या भिंतीला तडा गेला, आणि चिंचेवर वस्तीला येणारे बगळे मोटारींवर घाण करतात. पाल्याचे आणि भिंतीचे समजू शकतो. बगळ्यांच्या कारणाबद्दल मात्र संडे स्कूलच्या एका शिक्षिकेने मला विचारले की, मत्तयाच्या सहाव्या अध्यायातून मुलांना "आकाशातील पाखरांकडे पाहा" असे शिकवून बाहेर आल्यावर त्यांना ही तोडलेली झाडे कशी दाखवायची. मला काही सांगता आले नाही. समितीतील कोणाला सांगता येत असेल तर त्यांनी तो वर्ग एक रविवार घ्यावा.

तिसरी तक्रार विहिरीची, आणि ती मला सर्वांत मोठी वाटते. नाशिक शहर काळ्या बसाल्ट खडकावर वसले आहे. या खडकात पाणी वाळूत साठते तसे साठत नाही. वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत जे मुरेल तेवढेच राहते, आणि उघडी माती व झाडांची मुळे हीच त्या भेगांकडे जाण्याची वाट असते. शहरात वर्षाला ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला, तर १,००० चौरस मीटर जागेवर सुमारे ७ लाख लिटर पाणी पडते. त्यातला काही भाग आज आपल्या आवारात मुरतो आणि आसपासच्या बोअरवेलना मिळतो. त्याच जागेवर सिमेंट आणि घट्ट बसवलेले ब्लॉक आले की बहुतेक पाणी गटारात, गटारातून नाल्यात आणि तिथून गोदावरीत जाईल. नदीपात्रातल्या ज्या मूर्तीवरून नाशिककर पुराची उंची ओळखतात त्या दुतोंड्या मारुतीपर्यंत पाणी चढण्याची वाट आपण सगळे पावसाळ्यात पाहत असतो. २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टमधले पूर अजून लोकांच्या लक्षात आहेत. त्याच २०१६ च्या उन्हाळ्यात गोदावरीतले रामकुंड कोरडे पडले होते. एकाच वर्षात कोरडे कुंड आणि नदीकाठी घरांत शिरलेले पाणी, ही धरणे आणि पाऊस यांच्याबरोबरच शहराने आपली जमीन ज्या रीतीने झाकून टाकली तिचीही करणी आहे. अशा शहरात चालू विहीर बुजवणे हे पाटबंधाऱ्याच्या माणसाला तरी समजत नाही. तिला गाळ आहे, कचरा टाकून तिचे पाणी आपणच खराब केले आहे, हे सगळे खरे. पण त्यावर गाळ काढणे हा उपाय आहे.

पवित्र शास्त्रात विहीर बुजवण्याची एक गोष्ट आहे. उत्पत्तीच्या सव्विसाव्या अध्यायात पलिष्टी लोक इसहाकाच्या भरभराटीचा हेवा करतात आणि त्याच्या बापाच्या, म्हणजे अब्राहामाच्या, चाकरांनी खणलेल्या सगळ्या विहिरी माती टाकून बुजवतात. इसहाक काय करतो? तो त्या विहिरी पुन्हा खणतो आणि बापाने ठेवलेलीच नावे त्यांना पुन्हा देतो. त्यानंतरही भांडणे होतात, तो पुढे सरकतो, आणखी खणतो, आणि शेवटी ज्या विहिरीवर भांडण होत नाही तिथे परमेश्वराने आपल्याला ऐसपैस जागा दिली म्हणून त्याचे आभार मानतो. बापाची विहीर बुजवणारे आणि ती पुन्हा उघडणारे, अशा दोन्ही बाजू या अध्यायात आहेत, आणि वारस म्हणून देवाचा आशीर्वाद कोणाला मिळतो हेही तिथे स्पष्ट आहे. योहानाच्या शुभवर्तमानात शोमरोनी स्त्री प्रभूला सांगते की ही विहीर आमच्या बाप याकोबाने आम्हांला दिली, तो स्वतः, त्याची मुले आणि त्याची गुरेढोरे या विहिरीचे पाणी पीत असत. प्रभू तिच्याकडे पाणी मागतो, ज्या समाजाच्या हातचे पाणी यहुदी घेत नसत त्या समाजातल्या बाईकडे मागतो, आणि मग जिवंत पाण्याविषयी बोलतो. आपल्या समाजाला हा अध्याय इतरांपेक्षा अधिक जवळचा वाटावा, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आता मूळ विषयाकडे येतो. समितीतील काही बंधूंशी मी बोललो तेव्हा त्यांनी माझ्यापुढे शास्त्राचे तीन मुद्दे मांडले. ते तिन्ही प्रामाणिकपणे मांडले होते आणि अनेक मंडळ्यांत ते ऐकू येतात, म्हणून त्यांना सविस्तर उत्तर देणे आवश्यक आहे.

पहिला मुद्दा असा की, देवाने मनुष्याला पृथ्वी सत्तेखाली आणण्याची आज्ञा दिली आहे. उत्पत्ती १:२८ मध्ये ती आहेच. पण याच वचनाच्या आधारे १९६७ साली लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने 'सायन्स' या नियतकालिकात असा आरोप केला होता की निसर्गाच्या आजच्या संकटाचे मूळ पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहे, आणि जगभरातील ख्रिस्ती विचारवंतांना तेव्हापासून त्याला उत्तर द्यावे लागत आहे. आपल्या समितीचे म्हणणे ऐकले असते तर व्हाइट साहेबांना आपला आरोप सिद्ध झाला असे वाटले असते. खरे तर तो अध्याय तिथेच थांबत नाही. मनुष्याला "फलद्रूप व्हा" म्हणण्याआधी देवाने तोच आशीर्वाद मासे आणि पाखरे यांना दिला आहे. पुढच्याच दोन वचनांत मनुष्याला धान्य व फळे, आणि पशुपक्ष्यांना हिरव्या वनस्पती अन्न म्हणून नेमून दिल्या आहेत. म्हणजे पान एकच आणि जेवणारे अनेक आहेत. दुसऱ्या अध्यायात मनुष्याला बागेत ठेवले ते तिची मशागत आणि राखण करण्यासाठी. देवाच्या मनातला राजा कसा असतो हे बहात्तराव्या स्तोत्रात आहे: तो दुबळ्यांना न्याय देतो आणि कापलेल्या गवतावर पाऊस यावा तसा येतो. जो पावसासारखा येतो त्याची सत्ता आणि जो आरी घेऊन येतो त्याची सत्ता, यांत समितीने निवड करावी. लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात तर परमेश्वर सरळ सांगतो की जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याजवळ राहणारे परदेशी आणि उपरे आहात. आणि त्या जमिनीलाही दर सातव्या वर्षी विसावा मिळाला पाहिजे. वेढा घातलेल्या शत्रूच्या नगराभोवतीची फळझाडेसुद्धा तोडू नयेत, हा अनुवाद या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायातला नियम आहे. युद्धात ज्याला परवानगी नाही ते वाहनतळासाठी चालेल काय?

दुसरा मुद्दा शेवटल्या दिवसांचा: पेत्राच्या दुसऱ्या पत्राप्रमाणे पृथ्वी आगीने नष्ट होणारच आहे, मग झाडांची एवढी काळजी कशाला? हे ऐकून मी थोडा वेळ गप्प बसलो, कारण हाच तर्क लावला तर सभागृह बांधण्यातही काही अर्थ उरत नाही. त्या तिसऱ्या अध्यायात पेत्र आगीच्या आधी जलप्रलयाचे उदाहरण देतो आणि म्हणतो की त्या वेळचे जग पाण्याने बुडून नाश पावले. पण प्रलयानंतर पृथ्वी होतीच. गेले ते अधर्माचे जग. तारवात नोहाच्या घराण्याबरोबर पशुपक्षीही वाचले, आणि उत्पत्तीच्या नवव्या अध्यायात मेघधनुष्याचा करार देवाने प्रत्येक जिवंत प्राण्याशी केला. पेत्राचा निष्कर्षही "मग काही करू नका" असा नाही. हे सर्व असे लयास जाणार आहे म्हणून तुम्ही पवित्र आचरणात कसे असले पाहिजे, असे तो विचारतो. पौल रोमकरांस सांगतो की सगळी सृष्टी कण्हत आहे आणि तीही नाशाच्या दास्यातून मुक्त होण्याची आशा धरून आहे. कलस्सैकरांस लिहिताना तो वधस्तंभावरील रक्ताने झालेल्या समेटात पृथ्वीवरचे आणि स्वर्गातले सर्व काही घेतो. प्रकटीकरणात पवित्र नगरी स्वर्गातून खाली उतरते, तिच्या नदीकाठी जीवनाचे झाड आहे आणि त्याची पाने राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत. त्याच पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात पृथ्वीचा नाश करणाऱ्यांचा नाश होईल असा इशारा आहे. दर रविवारी आपण "जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही तुझ्या इच्छेप्रमाणे होवो" अशी प्रार्थना करतो. पृथ्वी टाकून द्यायची असती तर प्रभूने ती ओळ शिकवली नसती.

तिसरा मुद्दा आपल्या समाजाच्या मनात खोल बसलेला आहे, म्हणून त्याविषयी मी जपून लिहितो. झाडांचा फार कळवळा दाखवणे म्हणजे वडाला सूत गुंडाळण्यासारखे आहे, असे एका ज्येष्ठ बंधूंनी मला सांगितले. आपल्या पूर्वजांनी जो धर्म सोडला त्यात परत ओढले जाण्याची ही भीती मी समजू शकतो. पण झाडाला नमस्कार करणे आणि झाड विनाकारण न तोडणे या दोन गोष्टींत फरक करता येणार नाही इतकी आपली श्रद्धा कच्ची नाही. एकशे अठ्ठेचाळिसाव्या स्तोत्रात फळझाडे, गंधसरू, पशू आणि पाखरे यांना परमेश्वराची स्तुती करण्यास सांगितले आहे. जे आपल्याबरोबर स्तुती करते त्याची कोणी पूजा करीत नाही, आणि त्याचा गळाही कापत नाही. ज्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा आपण अभिमान बाळगतो, त्यांना महाराष्ट्राने फुलामुलांचे कवी म्हटले, आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तर इथल्याच गोदाकाठच्या जलालपूरच्या. फुलापाखरांवरच्या प्रेमाने टिळकांची ख्रिस्तभक्ती कमी झाल्याचे कोणी ऐकले आहे काय?

जगभरच्या मंडळीही या प्रश्नावर गप्प बसलेल्या नाहीत. ऑर्थोडॉक्स परंपरेचे कुलपती (पॅट्रिआर्क) दिमित्रियोस यांनी १९८९ मध्ये १ सप्टेंबर हा सृष्टीसाठी प्रार्थनेचा दिवस ऑर्थोडॉक्स मंडळीला दिला. रोमन कॅथोलिक मंडळीने आसिसीच्या संत फ्रान्सिस यांना १९७९ मध्ये पर्यावरणाचे पालकसंत म्हणून घोषित केले, आणि पोप फ्रान्सिस यांचे सृष्टीच्या संगोपनावरचे 'लाउदातो सी' हे परिपत्रक २०१५ मध्ये आले. ज्या अँग्लिकन परंपरेतून आपली मंडळी आली तिने सेवाकार्याच्या पाच खुणांपैकी पाचवी खूण १९९० मध्ये जोडली, ती सृष्टीची अखंडता जपण्याची. १ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर हा सृष्टीचा हंगाम आता अनेक मंडळ्या पाळतात. आपल्या व्यासपीठावरून तो एकदाही जाहीर झालेला नाही, ही माझी चौथी तक्रार समजावी.

ती मला केवळ शास्त्राची त्रुटी म्हणून खुपत नाही. २०२३ च्या नोव्हेंबरअखेर निफाड भागात गारपीट झाली, द्राक्षबागा झोडपल्या गेल्या, आणि आपल्या मंडळीतील बागायतदारांसाठी आपण प्रार्थना केली. ते योग्यच झाले. परंतु अवकाळी पाऊस, गारपीट आणि तापमानवाढ यांचा संबंध, त्यात आपल्या राहणीचा वाटा, आणि ज्याने सर्वांत कमी धूर सोडला त्यालाच सर्वांत आधी झळ का लागते, हा अन्यायाचा प्रश्न, यांविषयी संदेशात अवाक्षर आले नाही. पेठ, सुरगाणा आणि त्र्यंबकेश्वर तालुक्यांत पावसाळ्यात डोंगर धो धो वाहतात आणि एप्रिल-मे महिन्यांत तिथल्याच बाया डोक्यावर हंडे घेऊन दरीत उतरतात. यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायात परमेश्वर धष्टपुष्ट मेंढरांना विचारतो की, तुम्ही चांगले कुरण चरलात आणि उरलेले पायांनी तुडवलेत, स्वच्छ पाणी प्यालात आणि उरलेले गढूळ केलेत, हे तुम्हांला थोडे वाटते काय? नंदिनी नदी, जिला आपण अजून नासर्डी म्हणतो, तिच्या पुलावरून जाताना मला दर वेळी हे वचन आठवते.

२०२७ च्या सिंहस्थासाठी साधुग्राम उभारताना तपोवनातील झाडे तोडण्याचा प्रस्ताव २०२५ च्या अखेरीस पुढे आला, तेव्हा नाशिककरांनी त्याला जोरदार विरोध केला. फलक घेऊन उभ्या राहिलेल्यांत आपल्या तरुण संघाची मुलेही होती, आणि उपासनेनंतर आपणच त्यांचे कौतुक केले होते. आता तीच मुले आपल्या आवारातल्या झाडांविषयी विचारतात तेव्हा त्यांना "हा वडीलधाऱ्यांचा विषय आहे" असे सांगितले जाते. दुसऱ्यांच्या तीर्थातली झाडे वाचवायला निघालेल्या मुलांना आपल्या घरची झाडे वाचवण्याचा अधिकार नाही, ही गोष्ट त्यांना पटत नाही, आणि मला त्यांना पटवायचीही नाही.

किरकोळ वाटणाऱ्या एका गोष्टीचा उल्लेख करून पुढे जातो. नाताळच्या आणि हंगामाच्या सणाच्या जेवणाला आजही थर्माकोलच्या ताटल्या असतात, ज्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे. २ नोव्हेंबरच्या मृतांच्या स्मरणदिनानंतर दफनभूमीत प्लॅस्टिकच्या फुलांचा जो ढीग साचतो तो कोणाच्या स्मरणार्थ म्हणायचा, हे मला कळत नाही.

समितीची अडचण मी नाकारत नाही. वयस्क सभासदांना रिक्षातून उतरून चिखलातून यावे लागते, उपासनेच्या वेळी रस्त्यावर लावलेल्या वाहनांमुळे शेजाऱ्यांशी वाद होतात, आणि मंगल कार्यालयांचे भाडे परवडत नसल्याने गरीब कुटुंबांना लग्नासाठी स्वस्त सभागृह हवे आहे. या तिन्ही गरजा खऱ्या आहेत. पण वयस्कांसाठी फाटकापासून दारापर्यंत एक पक्की पायवाट पुरेल. वाहनांसाठी रविवारी बंद असणाऱ्या शेजारच्या शाळेचे मैदान मागता येईल, आणि आवारात जी थोडी वाहने लागतील त्यांच्यासाठी मधून गवत उगवेल आणि पाणी मुरेल अशी जाळीची फरसबंदी करता येईल. सभागृह हवे असेल तर मागच्या पडक्या गोदामाची जागा आहे. तिथे एकही झाड नाही. शास्त्रातल्या नाबोथाचा द्राक्षमळा अहाब राजाला हवा होता तो भाजीचा मळा करण्यासाठी, म्हणजे हेतू काही वाईट नव्हता. वडिलांचे वतन मी कसे देऊ, एवढेच नाबोथ म्हणाला. मी आपणांला अहाब म्हणत नाही, आणि आपण तसे समजूही नये. मी फक्त नाबोथाच्या बाजूने उभा आहे.

माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

१. झाडे तोडण्याचा आणि विहीर बुजवण्याचा ठराव मागे घ्यावा. निदान मंडळीच्या विशेष सर्वसाधारण सभेत मतदान होईपर्यंत तो लेखी स्थगित ठेवावा. त्या सभेत महिला संघ आणि तरुण संघ यांना बोलण्याची वेळ राखून ठेवावी.

२. आवारातील प्रत्येक झाडाची जात, घेर आणि अंदाजे वय यांची नोंद करून ती फलकावर लावावी. एखादे झाड खरोखर धोक्याचे असेल तर समितीबाहेरच्या जाणकाराचा लेखी अभिप्राय घ्यावा, आणि फांदी छाटून भागत असेल तिथे बुंध्याला हात लावू नये.

३. येत्या पावसाळ्याआधी विहिरीचा गाळ काढून तिला कठडा व जाळी बसवावी, आणि चर्चच्या छपरावरचे पाणी गाळून तिच्यात सोडावे. या कामाचा आराखडा आणि देखरेख मी विनामूल्य करीन. मजुरीसाठी वर्गणी गोळा करण्याची तयारी तरुण संघाने दाखवली आहे.

४. ठेकेदाराशी झालेला किंवा होऊ घातलेला कोणताही करार, त्याची मुदत आणि रक्कम यांसह, मंडळीपुढे ठेवावा.

५. सप्टेंबरमधला एक रविवार सृष्टीचा रविवार म्हणून पाळावा आणि त्या दिवशीचा संदेश वर लिहिलेल्या वचनांवर असावा. पाळकसाहेबांना माझे अर्थ लावणे चुकीचे वाटत असेल तर त्यांनी तेही व्यासपीठावरून सांगावे, मी ऐकेन.

६. मंडळीच्या जेवणांत थर्माकोल व एकदा वापरून टाकायचे प्लॅस्टिक बंद करून स्टीलची ताटे घ्यावीत. हे तर उद्यापासून करता येईल.

या पत्राचे उत्तर ज्या फलकावर तो कागद लागला त्याच फलकावर लागावे, अशी विनंती आहे. दरम्यान महापालिकेची जाहीर नोटीस निघाली, तर सभासद आणि नागरिक म्हणून मी मुदतीत हरकत नोंदवीन. हे आताच कळवून ठेवतो, म्हणजे समितीच्या पाठीमागे काही केले असे नंतर कोणी म्हणू नये.

ख्रिस्ताठायी आपला नम्र,
मंडळीचा एक सभासद,
नाशिक